मरायला आणलेली पोरं जगली, मग पुढे काय? नैरोबीच्या न्युम्बानीची केस

सुरुवातीलाच सांगतो, मी मिशनरी नाही, डॉक्टर नाही आणि केनियात कधी गेलेलो नाही. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला माझी बरीच वर्षं गेली, कंपनीचं नाव घेत नाही कारण या केसशी तिचा संबंध नाही. डिस्पॅचला खोक्यांच्या थप्प्या लागलेल्या असायच्या, त्यावर मोम्बासा, दार-ए-सलाम, लागोस अशी नावं असायची, आम्ही बॅच पास करायचो, सही करायचो आणि घरी जायला बस पकडायचो. ती गोळी पुढे कोणाच्या पोटात जाते हा विचार तेव्हा कधी आला नाही. नंतर नैरोबीच्या न्युम्बानी या एचआयव्ही असलेल्या अनाथ पोरांच्या बालगृहाबद्दल वाचायला लागलो आणि मग वाचतच गेलो. धर्मादाय संस्था काय करू शकते, कुठे अडते आणि काम पार पाडलं की तिच्यापुढे कोणते नवे प्रश्न उभे राहतात हे समजून घ्यायला माझ्या माहितीत यापेक्षा चांगली केस नाही, म्हणून नीट सगळं लिहून काढतोय.

आधी परिस्थिती काय होती ते बघू. केनियात एड्सचा पहिला रुग्ण १९८४ मध्ये सापडला आणि नव्वदच्या दशकात तो आजार घराघरात घुसला. आई गेली, बाप गेला, मागे पोरं राहिली. आफ्रिकेत असं पोर पोरकं राहत नाही, कोणी मावशी, कोणी आजी, कोणी लांबची काकू ओढून घेते, आपल्याकडे गावात होतं तसंच. पण या आजाराने एकाच घरातली दोन-तीन कर्ती माणसं एकदम नेली तर मावशी तरी किती पोरं सांभाळणार, आणि त्यात पोरालाच एचआयव्ही आहे असं कळलं की भीती. हॉस्पिटलच्या वॉर्डात बाळं सोडून दिलेली असायची. अनाथाश्रम ती घ्यायला तयार नसायचे, कारण रक्त तपासलं की रिपोर्ट पॉझिटिव्ह.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या कारण अख्खी केस तिथून सुरू होते. तेव्हाची साधी टेस्ट व्हायरस शोधायची नाही, व्हायरसच्या विरोधात शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधायची. आईला लागण असेल तर तिच्या अँटीबॉडी वारेतून बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत त्याच्या रक्तात राहू शकतात. म्हणजे लागण झालेल्या आईच्या प्रत्येक बाळाची टेस्ट पॉझिटिव्हच येणार, मग त्याला प्रत्यक्षात लागण झालेली असो नाहीतर नसो. आणि काहीच औषधं दिली नाहीत तरी आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ असतं, म्हणजे अर्ध्याहून जास्त बाळं निरोगीच असतात. हीच निरोगी बाळं एका कागदाच्या जोरावर 'एड्सची पोरं' ठरत होती आणि कोणी जवळ घेत नव्हतं. आणि जवळ घ्यायला कोणी नसलेलं तान्हं पोर व्हायरस नसला तरी मरतं.

हे ज्याला खुपलं तो माणूस होता फादर अँजेलो डी'अगॉस्टिनो. १९२६ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला इटालियन स्थलांतरितांच्या घरी जन्म, शिकून सर्जन झाले, एअर फोर्समध्ये सर्जन होते, मग १९५५ ला जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात गेले, १९६६ ला धर्मगुरू झाले आणि वर सायकियाट्रीचंही शिक्षण घेतलं. निर्वासितांसाठीच्या जेझुइट सेवेच्या कामामुळे ते पूर्व आफ्रिकेत आले. सगळे त्यांना फादर डॅग म्हणायचे, मीही तसंच म्हणतो. १९९२ मध्ये म्हणजे वयाच्या छासष्टाव्या वर्षी, जेव्हा माणसं पेन्शनचे कागद लावून मोकळी झालेली असतात, त्यांनी नैरोबीत तीन मुलं घेऊन घर उघडलं. बरोबर होत्या आयर्लंडच्या लोरेटो संघाच्या सिस्टर मेरी ओवेन्स. फादर डॅग जास्त बोलायचे, जास्त भांडायचे म्हणून बातम्यांत त्यांचं नाव येतं, पण संस्था रोज चालवणं आणि त्यांच्या नंतरही वर्षानुवर्षं चालवणं हे सिस्टर मेरींनी केलं, आणि अशा केसमध्ये ती बाजू नेहमी दोन ओळीत उरकली जाते याचं मला वाईट वाटतं. नाव ठेवलं न्युम्बानी, स्वाहिलीत त्याचा अर्थ 'घरी'.

पहिल्या वर्षांत काम काय होतं तर पोर घ्यायचं, जेवू घालायचं, टीबी-न्यूमोनियावर इलाज करायचा, आणि वाट बघायची. दीड वर्षानंतर ज्यांची टेस्ट निगेटिव्ह यायची त्यांना दत्तक द्यायला किंवा साध्या बालगृहात पाठवायला मार्ग मोकळा व्हायचा. नुसती वाट बघणं, तेही मांडीवर घेऊन वाट बघणं, यानेच कितीतरी पोरांची सुटका झाली. पैसा फार लागला नाही, एड्सचं औषध तर लागलंच नाही. तो कागद खोटा असू शकतो एवढं कोणीतरी मान्य करायची गरज होती.

पण ज्यांची टेस्ट पुन्हा पॉझिटिव्ह यायची त्यांच्यासाठी न्युम्बानी हे मरणाचं घर होतं. हे शब्द कठोर वाटतील पण खरं तेच होतं. हेतू असा की पोर रस्त्यावर किंवा वॉर्डाच्या कोपऱ्यात एकटं मरू नये, कोणाच्या तरी हातात मरावं. शवपेट्या आणि अंत्यविधी हा त्या घराच्या जगण्याचा भाग होता. मदर तेरेसांचं कोलकात्याचं निर्मल हृदय आपल्याला माहीतच आहे, त्याच ख्रिस्ती परंपरेतलं हे काम, मरणाऱ्याजवळ बसणं हेच पुण्य मानणारी परंपरा. मी हिंदू घरात वाढलो तरी या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण मरणाऱ्या परक्या पोराजवळ रात्रभर बसणं हे बोलायला सोपं आहे, करायला फार कमी लोक येतात. फक्त त्या परंपरेत एक धोका असतो. मरण सुंदर करता आलं की ते टाळता आलं असतं का हा प्रश्न मागे पडतो. फादर डॅग मुळात सर्जन होते आणि मला वाटतं त्यांच्यातल्या सर्जनने त्यांच्यातल्या फादरला हा प्रश्न विसरू दिला नाही.

त्याच काळात त्याच कॅथलिक चर्चमध्ये काय चाललं होतं तेही सांगायला हवं, ते वगळून ही केस लिहिली तर अर्धीच होईल. १९९६ मध्ये नैरोबीत कार्डिनल मॉरिस ओटुंगा यांच्या पुढाकाराने कंडोमची खोकी आणि माहितीपत्रकं जाहीर जाळली गेली. एकीकडे चर्चचीच माणसं एड्सने पोरकी झालेली पोरं उचलत होती आणि दुसरीकडे लागण थांबवायचं एक साधन चर्चचेच लोक जाळत होते. दोन्ही खरं आहे. माझं मत विचाराल तर ते जाळणं चूक होतं आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली असणार. पण म्हणून न्युम्बानीचं काम कमी ठरवायला मी तयार नाही, आणि न्युम्बानीमुळे ती चूकही लहान होत नाही.

१९९८ मध्ये दुसरं काम सुरू झालं, माझ्या मते संस्थेचं सगळ्यात शहाणपणाचं काम. त्याचं नाव लेआ टोटो, म्हणजे पोराला वाढवणं. घरात घेऊन घेऊन किती पोरं घेणार? शंभराच्या आसपास, फार तर थोडी वर. आणि बाहेर कांगेमी, कावांग्वारे, किबेरा, दांडोरा या नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत हजारो पोरं आजीकडे, मावशीकडे, आजारी आईकडे राहत होती. मग ठरवलं की पोर तिथेच राहील, आपण तिथे जायचं. वस्तीत छोटं सेंटर, नर्स, सोशल वर्कर, समुपदेशन, रेशन, आणि वस्तीतल्याच बायका घरोघर जाऊन बघणार की पोराने औषध घेतलं का, घरात खायला आहे का. आजारी पोराला वाढवणारी मावशी हीच खरी संस्था आणि आपण तिच्या हाताखाली काम करायचं, असं हे उलटं गणित आहे. दानशूर लोकांना इमारत दाखवता येते, पाटी दाखवता येते, लाइनीत उभी राहून गाणं म्हणणारी पोरं दाखवता येतात, मावशीच्या पत्र्याच्या खोलीत रेशनची पिशवी पोचली याचा फोटो कोण काढणार. तरी संस्थेने ते केलं आणि आकड्यात बघितलं तर बालगृहापेक्षा कितीतरी जास्त पोरांपर्यंत लेआ टोटोच पोचलं.

एवढं सगळं होऊन एड्सवरचं औषध मात्र नव्हतंच. नव्हतं म्हणजे जगात होतं. १९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली होती, श्रीमंत देशात माणसं अंथरुणातून उठून कामाला जायला लागली होती. पण वर्षाचा खर्च माणशी १०,००० ते १५,००० डॉलर. केनियाचे अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी १९९९ च्या नोव्हेंबरात एड्सला राष्ट्रीय आपत्ती जाहीर केलं, पण आपत्ती जाहीर केल्याने गोळी स्वस्त होत नाही. माझ्यासारख्या या धंद्यातल्या माणसाला हे वाचताना लाज वाटते, कारण गोळीत काय असतं ते आम्हाला माहीत असतं. कच्चा माल, सॉल्व्हंट, मजुरी, पॅकिंग, टेस्टिंग सगळं धरलं तरी तो आकडा त्या रकमेच्या जवळपासही जात नाही. बाकीचं सगळं पेटंट.

आता इथे मुंबई येते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर होतं. वेगळ्या पद्धतीने तोच रेणू बनवा, कायद्याने तुम्ही मोकळे. त्या कायद्याच्या जोरावर आपल्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यातली एक सिप्ला, १९३५ ला ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत काढलेली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्सला युरोपियन कमिशनच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की तिन्ही औषधं वर्षाला ८०० डॉलरमध्ये देतो, सरकारांना ६०० मध्ये देतो, ज्या देशाला स्वतः बनवायची असतील त्यांना तंत्र फुकट देतो, आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं नेव्हिरापीन फुकट देतो. फारसं कोणी पुढे आलं नाही. मग फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी एमएसएफ या डॉक्टरांच्या संस्थेला भाव दिला ३५० डॉलर. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी, तेव्हाच्या रुपयात पंचेचाळीसच्या आसपास.

भावाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट होती ती म्हणजे तिन्ही औषधं एका गोळीत. स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन, नेव्हिरापीन ही तीन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांची औषधं, प्रत्येकीचं पेटंट वेगळं, त्या तिघी एकत्र येऊन एक गोळी काढतील हे होणं नव्हतं. आपल्याकडे ती अडचणच नव्हती, म्हणून ट्रायोम्युन नावाची ती एक गोळी मुंबईच्या सिप्लाने काढली, सकाळी एक संध्याकाळी एक. ज्या आजीला वाचता येत नाही तिला ढीगभर गोळ्यांचं वेळापत्रक सांभाळायला लावणं आणि सकाळ-संध्याकाळ एक गोळी द्यायला सांगणं यात पोराच्या जगण्या-मरण्याचा फरक आहे. फॉर्म्युलेशनवाले, म्हणजे गोळी घडवणारे लोक हे लगेच समजतील.

फादर डॅगनी हा भाव ऐकला आणि २००१ च्या सुरुवातीलाच जाहीर सांगून टाकलं की न्युम्बानी भारतातून जेनेरिक गोळ्या मागवणार. केनियात ती औषधं पेटंटखाली होती, म्हणजे हे सरळ सरळ कायद्याला आव्हान होतं. गुपचूप सुटकेसमधून औषध आणणारे लोक तेव्हाही होते, डॉक्टर होते, नातेवाईक होते. यांनी तसं केलं नाही, पत्रकारांसमोर सांगून केलं. मला ही चाल या सगळ्या प्रकरणात सगळ्यात धारदार वाटते. कारण आता कंपनीपुढे दोनच रस्ते, एक तर गप्प बसायचं नाहीतर एड्स झालेल्या अनाथ पोरांना कोर्टात खेचायचं. पोरांची असहायता दाखवून देणग्या मागणाऱ्या संस्था खूप असतात. इथे त्याच असहायतेचा वापर एका अन्यायी भावाला तोंड फोडायला झाला. दयेचं काम करणारा माणूस इतका भांडखोर असू शकतो आणि असायला हवा, असं मला तरी वाटतं.

त्या वर्षी सगळंच हलत होतं. एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिका सरकारवर ३९ औषध कंपन्यांनी प्रिटोरियाच्या कोर्टात लावलेली केस त्यांना मागे घ्यावी लागली, जगभर छी-थू झाली होती. जूनमध्ये केनियाच्या संसदेने नवा इंडस्ट्रियल प्रॉपर्टी कायदा मंजूर केला, स्वस्त औषध आयात करायची वाट त्याने उघडली, त्यासाठी केनियातल्या बऱ्याच संघटनांनी एकत्र जोर लावला होता. नोव्हेंबरात दोहाला जागतिक व्यापार संघटनेने मान्य केलं की पेटंटचे नियम लोकांच्या आरोग्याच्या आड येता कामा नयेत. म्हणजे एका बालगृहाने जग बदललं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. ढकलणारे हात खूप होते, त्यातला हा एक होता, पण लहान मुलांचा हात होता म्हणून तो झिडकारणं कठीण गेलं.

औषध आलं आणि घर बदललं. अंत्यविधी कमी होत गेले. वजन वाढायला लागलं, खोकला जायला लागला, जी पोरं अंथरुणातून उठत नव्हती ती अंगणात भांडायला लागली. सोपं मात्र नव्हतं. सुरुवातीला लहान मुलांसाठी वेगळी गोळीच नव्हती, मोठ्यांची गोळी मोडून द्यायची आणि तिन्ही औषधं मापात जातील अशी आशा करायची. जो गोळ्या बनवतो त्याला विचारा, एका गोळीचे हाताने चार तुकडे केले तर चारही तुकड्यांत सारखं औषध असतं का. नसतं. सिरप कडू, काही तर इतके कडू की पोर ओकून टाकणार. आणि स्टॅव्हुडीनचे साइड इफेक्ट भयंकर, काही वर्षं घेतल्यावर गालाची चरबी उतरते, हातापायात मुंग्या-जळजळ होते. शेवटी २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करा सांगितलं. ज्या स्वस्त गोळीने जीव वाचवला तिनेच वयात येणाऱ्या पोरीचा चेहरा बदलला, हेही या केसमधलं सत्य आहे. तरी २००१ मध्ये कोणी मला विचारलं असतं तर मी तीच गोळी पास केली असती, कारण तेव्हा दुसरी नव्हती.

आता पोरं जगणार म्हटल्यावर शाळेत जायला हवीत. जानेवारी २००३ पासून मवाई किबाकी यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं, शाळा भरून वाहायला लागल्या, आणि न्युम्बानीच्या पोरांना मात्र सरकारी शाळा जागा नाही म्हणून परत पाठवत राहिल्या. बाकीच्यांना जागा मिळत होती. आपल्याकडे लातूर जिल्ह्यात हासेगावच्या सेवालय या एचआयव्ही असलेल्या मुलांच्या संस्थेतल्या मुलांनाही गावच्या शाळेवरून हेच सोसावं लागलं होतं, त्यामुळे नैरोबीच्या लोकांना नावं ठेवायला आपण जायचं कारण नाही. संस्था हायकोर्टात गेली. जानेवारी २००४ मध्ये सरकारने मान्य केलं की एचआयव्ही असलेल्या मुलांना सरकारी शाळेत घेतलं जाईल. वर्गात बसल्यावर पोरांना काय काय ऐकायला लागलं असेल ते कोर्टाच्या हातात नसतं, पण दार तरी उघडलं. त्याच महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांच्या उपवासकाळाच्या संदेशासाठी व्हॅटिकनमध्ये पत्रकार परिषद झाली, तिथे फादर डॅगना बोलावलं होतं आणि त्यांनी औषध कंपन्यांच्या भावांबद्दल इतके जळजळीत शब्द वापरले की जगभर बातमी झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पण बोलणं मऊ करायला तयार नाही.

आणि मग तो प्रश्न आला ज्यासाठी मी शीर्षकात 'मग पुढे काय' लिहिलंय. मरणाची सोय करायला उघडलेल्या घरात दाढी-मिशा फुटलेली पोरं दिसायला लागली. कोणीही याची तयारी केलेली नव्हती, कारण १९९२ ला कोणालाही वाटलं नव्हतं की ती इतकी मोठी होतील. आता सांगायचं कधी की तुला काय झालंय? पाच वर्षांचं पोर विचारत नाही, दहा वर्षांचं विचारतं की मी रोज गोळी का घेतो, आणि पंधरा वर्षांचं विचारायचं सोडून देतं आणि गोळी गुपचूप गादीखाली सारतं. वयात आलेल्या पोरांनी औषध मधेच सोडणं हा जगभरचा प्रश्न आहे, मधुमेहाच्या मुलांतही होतो, पण इथे गोळी सोडली की व्हायरस औषधाला सरावतो आणि मग महागडी दुसऱ्या फळीची औषधं. प्रेमात पडलं तर समोरच्याला सांगायचं का? लग्न? अठरा पूर्ण झाल्यावर जायचं कुठे? बालगृहात वाढलेल्या पोराला भाजीचा भाव माहीत नसतो, नातेवाइकाकडे पाहुणा म्हणून गेलं की कसं वागायचं ते माहीत नसतं, गाव नसतं, जमीन नसते, सणाला जायला घर नसतं. केनियात माणूस भेटला की तुझं गाव कुठलं हे आधी विचारतात. याला गाव म्हणून सांगायला काय आहे तर एका फादरने काढलेली संस्था.

मला वाटतं कितुईचं गाव याच उणिवेतून सुचलं असावं. कितुई म्हणजे नैरोबीच्या पूर्वेचा कांबा लोकांचा कोरडा मुलूख, आपल्या माण-खटाव किंवा आटपाडीसारखा, पाऊस लहरी. तिथे सुमारे एक हजार एकर जमीन मिळाली आणि २००६ पासून न्युम्बानी व्हिलेज वसायला लागलं. कल्पना साधी आहे. एड्सने मधली पिढीच कापून नेली, वर म्हातारी राहिली, खाली नातवंडं राहिली. म्हातारीला सांभाळणारं कोणी नाही, पोरांना वाढवणारं कोणी नाही. मग दोघांना एकत्र ठेवा. एका घरात एक आजी किंवा आजोबा आणि दहाएक मुलं, काही तिची सख्खी नातवंडं, काही दुसऱ्यांची. कांबा भाषेत आजीला सुसू म्हणतात. सुसू भाजी लावते, पोरं पाणी आणतात, संध्याकाळी ती गोष्टी सांगते, रागावते, आणि मुख्य म्हणजे आपली भाषा आणि रीतीभाती शिकवते, जे पगारी काळजीवाहू बाईने कितीही जीव लावला तरी होत नाही. गावात शाळा, दवाखाना, हाताचं काम शिकवायची सोय.

पाण्यासाठी तिथे वाळूचे बंधारे आहेत, कितुई भाग त्यासाठी प्रसिद्धच आहे. पावसाळी नदीच्या पात्रात आडवी भिंत घालायची, पुराबरोबर येणारी वाळू मागे अडकते, त्या वाळूच्या पोटात पाणी साठतं आणि उन्हाने उडून जात नाही. मग वाळूत झिरा खणून पाणी काढायचं. आमच्या आजोळी माणगंगेच्या पात्रात उन्हाळ्यात बायका झिरे खणायच्या ते मी लहानपणी बघितलंय, म्हणून हा तपशील वाचला तेव्हा मला ती वाटीने घागर भरणारी मामी आठवली.

आणि झाडं. मेलिया व्होल्केन्सी, तिकडे मुकाऊ म्हणतात, कोरड्या जमिनीत वाढणारं, आपल्या बकाणनिंबाच्या कुळातलं, लाकूड चांगलं आणि वाळवी लागत नाही. ती हजारोंनी लावली, मोठी झाली की लाकूड विकून गावाचा खर्च निघावा म्हणून. त्यांना कापणीला यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. जे लोक चौदा वर्षांपूर्वी पोर पाच वर्षांचं होईल की नाही या हिशोबाने काम करत होते त्यांनी दहा-पंधरा वर्षांनी हातात येणारं पीक लावलं. फादर डॅगनी ती झाडं मोठी झालेली बघितली नाहीत, २० नोव्हेंबर २००६ ला नैरोबीत ते गेले, ऐंशी वर्षांचे होते.

नंतरचं थोडक्यात. मुलांसाठी वेगळी औषधं हळूहळू आली आणि पुन्हा त्यातली बरीच आपल्याकडच्या कंपन्यांनी बनवली. डोलुटेग्राव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाची १० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरी चवीची गोळी २०२० च्या शेवटी आली, तिच्यासाठी ठरलेल्या पुरवठादारांत मुंबईची मॅक्लिऑड्स आहे, खर्च मुलामागे वर्षाला साधारण ४८० डॉलरवरून १२० च्या खाली आला आणि सुरुवातीला ज्या देशांत ती पोचली त्यात केनिया होता. बाळाला लागण होऊच नये म्हणून गरोदरपणातच आईला औषध देणं सगळीकडे वाढलं, त्यामुळे अशी नवी बाळं कमी झाली. म्हणजे ज्या कारणासाठी न्युम्बानी निघालं ते कारण आटत चाललंय. त्यात केनिया सरकारने २०२२ मध्ये धोरण आणलं की दहा वर्षांत मुलं संस्थांतून काढून कुटुंबांत न्यायची. बऱ्याच संस्थांचा याला विरोध आहे. मला विचाराल तर सरकारचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे लेआ टोटोने १९९८ लाच तो रस्ता दाखवला होता. फक्त रोज ठरल्या वेळी औषध लागणाऱ्या, ज्याला खरंच कोणी नाही अशा पोराला कुठल्या कुटुंबात पाठवणार याचं उत्तर धोरणाच्या कागदावर देता येत नाही, त्यासाठी घरोघर जाणारी ती वस्तीतली बाई लागते आणि तिचा पगार लागतो.

आणि पगार, गोळ्या, टेस्ट यांचा मोठा वाटा अमेरिकेच्या सरकारी मदतीतून येत होता. २००३ मध्ये अमेरिकेने एड्ससाठी पेपफार योजना काढली, तिच्यामुळे आफ्रिकेत लाखो लोक जगले यात वाद नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या नव्या सरकारने परदेशी मदत एका सहीने थांबवली, न्युम्बानीसारख्या ठिकाणी गोळ्यांचा साठा किती दिवस पुरेल हे मोजायची वेळ आली. थोड्या दिवसांनी काही सूट मिळाली, काही गोष्टी परत सुरू झाल्या, पण सगळं पहिल्यासारखं झालं नाही. २००१ मध्ये फादर डॅग ज्याच्याशी भांडले तो भाव होता, भाव पाडता येतो, दुसरा विकणारा शोधता येतो. परक्या देशाच्या राजधानीत बसलेल्या माणसाची मर्जी फिरली तर कोणाशी भांडायचं?

संस्थेची लॅब बाहेरच्या रुग्णांचीही टेस्ट करते त्याचे थोडे पैसे येतात. कितुईत बंधारे आहेत, सुसूंच्या भाज्या आहेत, आणि सुरुवातीला लावलेली मुकाऊची झाडं आता तोडणीच्या वयाला आली आहेत. ती लावताना ज्यांनी पाणी घातलं त्यातली पोरं आज पंचविशीची असतील, काहींची स्वतःची मुलं असतील, आणि त्यांनी गोळ्या वेळेवर घेतल्या असतील तर त्या मुलांची टेस्ट निगेटिव्ह असेल.